मोठ्या माणसांसाठी संगणक आणि मोबाइलचे वर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमचे वर्ग भरतात. त्यांच्याबद्दल फोनवर, काउंटरवर, चिठ्ठीतून, कधी मंडईत भाजी घेतानासुद्धा लोक विचारत असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न, शक्य तितके विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, इथे घेतले आहेत.

१. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. तरी येऊ का?

जरूर या, वर्ग तुमच्यासाठीच आहे. पहिला दिवस यंत्र चालू करणं, बंद करणं आणि माऊस धरणं एवढ्यातच जातो. दुसऱ्या दिवशी आम्ही पडद्यावर पत्ते खेळायला देतो. पान उचलायचं, ओढत न्यायचं, योग्य जागी सोडायचं, हे तासभर केलं की माऊस हातात बसतो. पुढे फाइल एका कप्प्यातून दुसऱ्यात न्यायची असते, तेव्हा तीच सवय उपयोगी पडते. कुठलंही बटण दाबल्याने संगणक बिघडेल ही भीती मात्र दारातच ठेवून या. काही पुसलं गेलंच, तर ते परत कसं आणायचं हेही त्याच आठवड्यात शिकवतो.

२. माझं वय चौऱ्याहत्तर आहे. आता या वयात जमेल?

जमेल, फक्त वेळ जास्त लागेल, आणि तो द्यायची आमची तयारी आहे. तरुण माणूस चुकत चुकत शिकतो. मोठं माणूस चूक होऊ नये म्हणून थांबून राहतं, आणि उशीर त्या थांबण्यामुळे होतो. वयाची अट आमच्याकडे नाही. ग्रामीण भागासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात १४ ते ६० वयाच्या लोकांना, तेही घरटी एकालाच, प्रवेश होता. मार्च २०२४ मध्ये ते अभियान संपलं. साठी ओलांडलेले त्यातून बाहेर राहिले, आणि पेन्शन, बँक, दवाखाना यांची सगळी कामं मोबाइलवर गेल्याचा सगळ्यात मोठा धक्का त्यांनाच बसला. आमच्याकडे साठीच्या पुढच्यांची वेगळी तुकडी आहे ती यामुळे.

३. आधी संगणक शिकू की मोबाइल?

रोज हातात जे असतं ते आधी. बहुतेकांसाठी तो मोबाइल. पण सोसायटीचा हिशेब, बचत गटाचं इतिवृत्त, दुकानाची बिलं, मुलांच्या शाळेचे लांबलचक अर्ज यांतलं काही तुमच्याकडे असेल, तर संगणकाला पर्याय नाही. बोटभर पडद्यावर वीस ओळींचा हिशेब मांडताना डोळे आणि डोकं दोन्ही शिणतं.

४. वर्ग किती दिवसांचा, फी किती आणि काय आणायचं?

मोबाइलचा वर्ग सहा आठवडे, संगणकाचा बारा. आठवड्यातून दोन दुपारी दीड-दीड तास बसतो. स्वयंपाक उरकून, भांडी आवरून बायकांना येता यावं म्हणून दुपारची वेळ ठेवली आहे. बाजाराच्या दिवशी वर्ग नसतो. वेगळी फी नाही, वाचनालयाचं सभासदत्व असलं की पुरे.

येताना तुमचा फोन, चार्जर, चष्मा आणि एक वही आणा. वही सगळ्यात महत्त्वाची. आम्ही छापील टिपणं मुद्दाम देत नाही. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं दोन महिन्यांनीही कळतं.

५. एमएस-सीआयटी आणि तुमचा वर्ग यात फरक काय? प्रमाणपत्र मिळतं का?

नोकरीसाठी प्रमाणपत्र हवं असेल तर सरळ एमएस-सीआयटी करा. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा तो संगणकाचा अभ्यासक्रम २००१ पासून चालू आहे, त्याची परीक्षा असते, आणि राज्य सरकारच्या पुष्कळ नोकऱ्यांत संगणक अर्हता म्हणून तो चालतो. आमच्याकडे परीक्षा नाही आणि प्रमाणपत्रही नाही. एमएस-सीआयटीला जायचंय पण तिथला वेग झेपेल का अशी धास्ती आहे, असे काही जण आधी आमच्याकडे महिनाभर बसतात. तेही चालतं.

६. मला इंग्रजी येत नाही. आणि आईला तर अक्षरओळखही नाही. तिला आणू का?

इंग्रजी न येणं ही अडचणच नाही. पहिल्याच दिवशी आपण फोनची भाषा मराठी करतो. सेटिंग्जमधली काही मराठी नावं मात्र इतकी जड आहेत की आमचे लोक वैतागून पुन्हा इंग्रजीवर येतात. म्हणून शब्दापेक्षा चित्र ओळखायला शिकवतो. दातेरी चाक म्हणजे सेटिंग, तीन ठिपके म्हणजे आणखी पर्याय, बाण असलेला चौकोन म्हणजे बाहेर पाठवणं.

आईंना जरूर आणा. आवाजाने नाव सांगून फोन लावणं, बोलून निरोप पाठवणं आणि चित्र पाहून माणूस ओळखणं या तीन गोष्टींना अक्षर लागत नाही. आकडे मात्र यायला हवेत. ते येत नसतील तर पहिले दोन आठवडे आम्ही आकड्यांवरच थांबतो. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, आणि साठीच्या पुढच्या बायका गुलाबी साडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन तिथे जाऊ लागल्या. त्या आज्या सही करायला शिकल्या, तर तुमच्या आई दहा आकडे नक्की शिकतील.

७. नातू घरीच आहे, तो दाखवतो की. मग वर्ग कशाला? आणि त्याला सोबत आणलं तर?

आमच्या वर्गातल्या एक आजी म्हणाल्या होत्या, “नातू इतकं भरभर दाखवतो की मला त्याच्या अंगठ्याशिवाय काही दिसतच नाही.” नातवाला माया असते. पण सवड नसते, आणि त्याला ते सगळं इतकं सहज येतं की मधल्या चार पायऱ्या सांगायच्या असतात हेच त्याच्या ध्यानात येत नाही.

म्हणून आमचा एकच कडक नियम आहे : शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याचा फोन हातात घ्यायचा नाही, माऊसला हात लावायचा नाही. कितीही वेळ लागो, बटण तुमच्याच बोटाने दाबलं जाईल. आम्ही शेजारी उभे राहून तोंडाने सांगतो. नव्याने शिकवायला येणाऱ्या मुलामुलींना हेच सगळ्यात अवघड जातं. हात आपोआप पुढे जातो, मग त्यांना हात मागे बांधून उभं राहायला सांगावं लागतं.

नातवाला आणायचं असेल तर आणा, पण त्यालाही हाच नियम. काही नातवंडं तीन-चार दिवसांत उत्तम शिक्षक होतात.

८. माझा हात थरथरतो, पडद्याला बोट लागतच नाही आणि अक्षरंही दिसत नाहीत. काय करू?

तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. त्यात तुमचा दोष नाही.

पडद्यावर अगदी सूक्ष्म वीज असते, आणि बोटाच्या कातडीतून ती जराशी वाहिली की पडद्याला बोट कळतं. वयाने कातडी कोरडी पडते, शेतात किंवा धुण्याभांड्यात झिजलेली बोटं तर आणखी कोरडी असतात. त्यामुळे पडद्याला बोट कळत नाही. हाताला थोडं मलम किंवा क्रीम चोळा, आणि नखाने टकटक न करता बोटाचा पेर टेकवा. पडद्यावर जाड, स्वस्तातली काच चिकटवली असेल तर ती काढून पाहा. कित्येकदा दोष तिचाच निघतो.

हात थरथरणाऱ्यांसाठी अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटी (सुलभता) विभागात, बोट किती वेळ टेकलं म्हणजे ‘धरून ठेवलं’ असं समजायचं, ते ठरवता येतं. तो वेळ वाढवला की नको ते पर्याय उघडणं बरंच कमी होतं. संगणकावर डबल क्लिकचा वेग कमी करता येतो, आणि डावखुऱ्यांसाठी माऊसची बटणं अदलाबदल करता येतात.

अक्षर मोठं करायची सोय सगळ्या स्मार्टफोनमध्ये आहे. अजिबात दिसत नसेल तर पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक अँड्रॉइडमध्ये आधीपासूनच असतं, आणि संगणकासाठी तसंच काम करणारं एनव्हीडीए फुकट मिळतं. ते शिकायला वेळ लागतो. त्यासाठी वेगळी वेळ ठरवून या.

९. मराठीत टाइप कसं करायचं? आणि माझ्या जुन्या फाइली उघडल्या की भलतीच अक्षरं का दिसतात?

मोबाइलवर तीन वाटा आहेत : बोलून, इंग्रजी अक्षरांतून, किंवा थेट मराठी कळफलकावरून. निरोपापुरतं बोलणं पुरतं. संगणकावर रोज लिहायचं असेल तर आमचा आग्रह इनस्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळफलकाचा आहे. त्यात स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आठ-दहा दिवस जीव मेटाकुटीला येतो, मग बोटं आपली आपण चालतात. आपला ‘ळ’ शिफ्टसह इंग्रजी एनवर आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ‘ऱ्य’ पुष्कळांना सापडत नाही. त्यासाठी शिफ्टसह जे, मग डी, मग य.

जुन्या टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या निवृत्त मंडळींची एक खास अडचण असते. यंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, इनस्क्रिप्टमध्ये अक्षराच्या नंतर. ‘कि’ लिहायचं तर आधी क. चाळीस वर्षांची सवय मोडताना त्रास होतो. ज्यांना तो नको असेल त्यांना आम्ही रेमिंग्टन पद्धतीचा, म्हणजे जुन्या यंत्रासारखा कळफलक बसवून देतो.

आता जुन्या फाइलींचं. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फाँट नसलेल्या संगणकावर फाइल नेली की आतली मूळ अक्षरं उघडी पडतात आणि सगळं अगम्य दिसतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठेही मराठीच राहतं. जुन्या फाइली पुसू नका. त्या युनिकोडमध्ये बदलता येतात. जोडाक्षरं थोडी तपासावी लागतात एवढंच.

१०. गुगल पे, फोन पे शिकवता का? मला पैशाचं भय वाटतं.

शिकवतो (ही ॲप यूपीआय या, फोनवरून पैसे पाठवायच्या सोयीवर चालतात), पण चौथ्या आठवड्यात आणि फसवणुकीचा धडा (प्रश्न ११) झाल्यावरच. हा क्रम आम्ही कुणासाठीही बदलत नाही.

भय घालवण्यासाठी एक व्यावहारिक उपाय करा. आयुष्याची पुंजी ज्या खात्यात आहे ते खातं फोनला जोडूच नका. वेगळं बचत खातं उघडून त्यात महिन्याच्या भाजी-दुधापुरते पैसे ठेवा आणि तेवढंच जोडा. आणि एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा : यूपीआय पिन पैसे देताना लागतो किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीही लागत नाही. ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका’ असं कुणी म्हणालं की तो चोर.

साधा बटणांचा फोन असणाऱ्यांना स्टार ९९ हॅश लावून, इंटरनेटशिवाय यूपीआय वापरता येतं. वर्गात तेही करून पाहतो.

११. खोटा फोन किंवा खोटा मेसेज ओळखायचा कसा?

नवनवे प्रकार पाठ करत बसू नका, ते दर महिन्याला बदलतात. सगळ्यांत सारख्या असलेल्या दोन गोष्टी ओळखा : घाई आणि गुपित. ‘आत्ता, याच क्षणी’ आणि ‘घरात कुणाला सांगू नका’ ही दोन वाक्यं एकत्र आली की फोन ठेवायचा. उद्धट वाटेल म्हणून आपली पिढी फोन ठेवत नाही, आणि चोर त्याचाच फायदा घेतो. फोन ठेवायचा सराव आम्ही वर्गात मोठ्याने करून घेतो.

सध्या जास्त दिसणारे दोन प्रकार सांगतो. पहिला, पोलिसांच्या गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येऊन ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ म्हणतो. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. दुसरा, व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून एक फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती पत्रिका नसते, ॲप असतं. उघडून बसवलं की तुमचे मेसेज, त्यातले ओटीपीसुद्धा, दुसऱ्याला दिसू लागतात. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ, एपीके कधीच नाही.

बँकेचं संकेतस्थळ बघताना पत्त्याचा शेवट पाहा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेले पत्ते घ्यायला लावले आहेत.

१२. पैसे गेले. आता काय?

हे वाचत बसू नका, आधी १९३० हा नंबर फिरवा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात हलवत असतो. ते कुठेतरी गोठवता यायला हवे असतील, तर पहिला तास-दोन तास मोलाचे. व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि बँकेचा मेसेज हाताशी ठेवा. मग बँकेला कळवून खातं आणि कार्ड बंद करा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन इथेही नोंदवता येते.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, तुमची किंवा बँकेची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तुम्ही बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक तुमची असली तरी लवकर कळवण्यात फायदाच आहे.

कृपा करून घरच्यांपासून लपवू नका. मुलं रागावतील म्हणून गप्प बसलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. त्या गप्प बसण्यातच हाती असलेले तास निघून गेले.

१३. हयातीचा दाखला घरबसल्या देता येतो म्हणे. शिकवाल का?

दर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यासाठी खास दिवस ठेवतो. जीवन प्रमाण ही सोय नोव्हेंबर २०१४ पासून आहे. आता फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही दाखला देता येतो, त्यामुळे बोटाचे ठसे उमटत नाहीत म्हणून अडत नाही. आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, पेन्शनच्या खात्याचा क्रमांक आणि ओटीपी येणारा फोन सोबत हवा.

काही अपवाद आहेत. ईपीएस-९५ च्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफच्या) पेन्शन योजनेतल्या पेन्शनधारकांनी नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही, त्यांचा दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. केंद्राच्या ऐंशीवरच्या पेन्शनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. पुनर्विवाह केलेल्या किंवा पुन्हा नोकरीला लागलेल्या पेन्शनधारकांना हा डिजिटल दाखला चालत नाही, त्यांनी कागदीच द्यायचा.

१४. तुम्हीच आमचा फॉर्म भरून द्याल का? सातबारा काढून द्याल का?

नाही. त्या कामासाठी महा-ई-सेवा केंद्र आहे. तुम्ही भरा, आम्ही शेजारी बसतो (कारण प्रश्न ७ मध्ये आहे). महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा नुसता बघायला पैसे लागत नाहीत. डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये भरून काढता येतो आणि तो सरकारी कामाला चालतो.

डिजिलॉकर, म्हणजे फोनवर कागदपत्रं ठेवायची सरकारी सोय, याबद्दल एक गैरसमज फार आहे. सरकारी खात्याकडून थेट आलेली कागदपत्रं मुळाइतकीच ग्राह्य असतात. तुम्ही स्वतः फोटो काढून तिथे ठेवलेला कागद मात्र नुसता फोटोच राहतो.

१५. घरात एकच फोन आहे आणि तो ह्यांच्याकडे असतो. मग मी शिकून काय करू?

हा प्रश्न बायका नेहमी हळू आवाजात विचारतात. सरावासाठी आमच्याकडे काही फोन ठेवलेले आहेत, त्यामुळे शिकायला अडचण नाही. पण आधी एक काम करा : पासबुक घेऊन बँकेत जा आणि तुमच्या खात्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते विचारा. खातं बाईचं, नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा, असं आम्हाला वारंवार दिसतं. मग पैसे आल्याचा मेसेज त्यांना जातो, ओटीपी त्यांना जातो, आणि उद्या स्वतःचा फोन आला तरी त्यावर यूपीआय सुरू होत नाही, कारण बँकेत नोंदलेलं सिमच त्या फोनमध्ये लागतं. स्वतःचं सिम घेऊन बँकेत नंबर बदलून घेणं हा आमच्या दृष्टीने वर्गाचा पहिला धडा आहे.

१६. पासवर्ड लक्षात राहत नाहीत. वहीत लिहून ठेवू का?

हो. ‘कुठेही लिहू नका’ असं सांगणारे सांगून जातात आणि माणूस सगळीकडे नातीची जन्मतारीख ठेवतो. त्यापेक्षा वेगवेगळे पासवर्ड वहीत लिहून ती वही कपाटात, दागिने ठेवता तिथे ठेवलेली बरी. फक्त यूपीआय आणि एटीएमचा पिन लिहायचा नाही, आणि ही वही वर्गात आणायची नाही. वर्गाची वही वेगळी.

त्याच वहीत फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लिहा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो दिसतो. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार करून संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तो फोन बंद पाडता येतो, तेव्हा हा क्रमांक लागतो.

१७. मुलाने त्याचा जुना संगणक दिलाय. त्यावर शिकलं तर चालेल?

शिकायला चालेल. विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टने त्याला नेहमीचे सुरक्षेचे अपडेट देणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं आहे, म्हणून त्यावर बँकेची कामं टाळा. लिहिणं, हिशेब, छपाई यांसाठी लिबरऑफिस फुकट आहे. यंत्र फारच संथ असेल तर घेऊन या, विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट प्रणाली टाकून बघू.

१८. व्हॉट्सॲपमधला तो निळा गोल काय आहे? एआय शिकवता का?

तो निळा गोल म्हणजे मेटा एआय : प्रश्न विचारला की स्वतः उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. शिकवतो, शेवटच्या आठवड्यात थोडं. ग्रामपंचायतीला द्यायच्या अर्जाचा कच्चा मसुदा करायला, अवघड पत्र सोप्या भाषेत समजून घ्यायला ते उपयोगी आहे. पण चुकीची माहितीही ते तितक्याच ठाम सुरात देतं. औषधाचा डोस विचारू नका, आधार क्रमांक सांगू नका. मुलाचा हुबेहूब आवाज काढून पैसे मागता येतात हेही ध्यानात ठेवा. असा फोन आला तर ठेवून द्या आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा.

१९. आमचे हे गेले. गॅस, वीज, बँक, सगळ्याचा ओटीपी त्यांच्याच नंबरवर येतो. काय करू?

सगळ्यात आधी, त्यांचं सिम बंद पडू देऊ नका. लहानसं रिचार्ज मारत राहा आणि त्यावरून अधूनमधून एखादा फोन करा. नंबर सलग ९० दिवस वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते, आणि नंतर तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. मग ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात.

त्यांच्या यूपीआयवरून पैसे काढू नका, पिन माहीत असला तरी. बँकेला मृत्यूचा दाखला द्या. खात्यावर नॉमिनी म्हणून तुमचं नाव असेल तर रक्कम रीतसर तुमच्याकडे येते. परस्पर काढलेले पैसे पुढे भावंडांत, मुलांत भांडणाचं कारण होतात. खातं दोघांच्या नावावर असेल तर आधी त्यावर तुमचा नंबर लावून घ्या. मग गॅस, वीज, विमा असं एकेक करत सगळीकडे नंबर बदलायचा. तो नंबर कुठे कुठे दिला होता ते त्यांच्या फोनमधल्या जुन्या मेसेजवरून कळतं. ते बसून एकेक वाचावे लागतात. हे काम एका दिवसात करू नये, होतही नाही.

फोटो आणि आवाजाचे निरोप हलवल्याशिवाय फोन कुणाला देऊ नका, रीसेट करू नका. त्यासाठी वर्गात नाव घालायची गरज नाही. कुठल्याही वर्गाच्या दुपारी तीननंतर त्यांचा फोन, त्याचा चार्जर आणि एक पेन ड्राइव्ह घेऊन या.